दाखवलं म्हणजे दिसलं असं नसतं

मिरजेच्या मंडईत एक पालेभाजीवाल्या मावशी बसतात. संध्याकाळी साडेसहाच्या गर्दीत त्यांच्याकडे गेलात तर दोन्ही हात ओले, एका हातात मेथीची जुडी, दुसऱ्या हाताने कोथिंबिरीवर पाणी मारणं चालू, डोळे समोरच्या चार गिऱ्हाइकांवर आणि मागून एखादी गाय तोंड घालतेय का त्याच्यावर. फोन कुठाय तर पोत्याखाली. गिऱ्हाईक स्कॅन करतं, क्रेटवर ठेवलेला डबा ओरडतो, "चाळीस रुपये मिळाले", आणि मावशी मान पण न वळवता म्हणतात, "हां आले, घ्या ताई." झाला व्यवहार.

माझं स्पष्ट मत आहे की गेल्या दहा वर्षांत आपल्याकडे सामान्य माणसापर्यंत कॉम्प्युटरचं म्हणून जे काही पोचलं त्यात हा साउंडबॉक्स सगळ्यात डोकं लावून केलेली वस्तू आहे. दिसायला खेळण्यासारखा, आत काय तर सिमकार्ड, बॅटरी, स्पीकर. विशेष हे की तो बनवताना कुणीतरी आधी माणसाकडे बघितलं. या बाईचे डोळे अडकलेत, हात अडकलेत, मोकळे काय आहेत तर कान, मग निरोप कानात द्या, एवढंच. त्याआधी काय चालायचं आठवा, एसएमएस यायचा, तो बघायला हात पुसा, फोन काढा, चष्मा शोधा, तोवर मागची तीन गिऱ्हाइकं पुढच्या गाडीवर. नाहीतर गिऱ्हाईक आपल्या फोनवरची हिरवी टिक नाकासमोर नाचवणार आणि आपण विश्वास ठेवायचा, मग तशीच हुबेहूब हिरवी टिक दाखवणारी खोटी ॲपं निघाली आणि भल्याभल्या दुकानदारांना टोप्या घातल्या गेल्या. डब्याने त्याला बराच आळा घातला कारण डबा दुकानदाराचा, गिऱ्हाइकाच्या फोनवर काय दिसतंय त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

अजून एक गंमत बघा, ओळीने चार गाड्या, चारही डबे त्याच एका बाईच्या आवाजात बोलतात, तरी मावशींना बरोबर कळतं आपला कुठला. मी विचारलं कसं काय, तर म्हणाल्या, "कळतंय की." उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला पोचायला किंचित उशीर लागतो, सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी, आणि तेवढ्या फरकावरून मेंदू दिशा पकडतो. हे मावशींना कुणी शिकवलं नाही, कुठल्या ट्यूटोरियलमध्ये नाही, ते उपजत आहे. आणि उपजत आहे त्याच्यावरच वस्तू बसवली की शिकवणीची गरजच पडत नाही.

पण डबा पैसे घेणाऱ्याचा आहे. देणाऱ्याचं काय?

माझे काका एसटीतून रिटायर झालेत, अडुसष्ट वय. डेपोत कॅशला होते, म्हणजे रात्री कंडक्टर येणार, वेबिल म्हणजे तिकिटांच्या हिशोबाचा कागद टेकवणार, चिल्लरची पिशवी ओतणार आणि काका ती मोजणार, असं तीस वर्षं. हिशोब चुकला असं कधी झालं नाही, झालं असतं तर पगारातून गेलं असतं. तर या माणसाने गेल्या वर्षी पाण्याची टाकी साफ करणाऱ्या पोराला १५०० ऐवजी १५००० पाठवले. पोरगं चांगलं निघालं, दोन दिवसांनी परत केले, पण ते दोन दिवस घरात काय वातावरण होतं ते विचारू नका. काका बँकेत गेले. काउंटरवरच्याने स्क्रीन बघून सांगितलं, "काका तुम्हीच टाकलेत की, पिन पण तुमचाच, बघून टाकायचं ना." काका गप्प घरी आले आणि त्या दिवसापासून सगळ्यांना सांगतात की आता माझं डोकं चालत नाही.

मला हे पटेना. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, पुण्यात, बारा वर्षं झाली, त्यामुळे "यूजरची चूक" हे शब्द ऐकले की माझे कान टवकारतात. मी त्यांना म्हटलं काका परत करून दाखवा, पाठवू नका, नुसतं करा. त्यांनी केलं. एक दाबलं, पाच दाबलं, शून्य दाबलं, आणि फोन जुना असल्यामुळे शून्य उमटायला उशीर लागला. अर्धा सेकंद असेल. काकांना वाटलं बोट नीट लागलं नाही, परत दाबलं. मग दोन्ही शून्यं धपकन आली, आणि शेवटचं शून्य त्यांनी ठरल्याप्रमाणे टाकलंच. १५०००. चौकटीत आकडे मोठे होते पण बारीक रेषेचे, राखाडी, आणि मध्ये स्वल्पविराम नाही.

आता यात काकांचं डोकं कुठे चाललं नाही सांगा मला.

रॉबर्ट मिलर म्हणून एकाने १९६८ मध्येच लिहून ठेवलंय की बटण दाबल्यावर साधारण ०.१ सेकंदाच्या आत काहीतरी घडलं तरच माणसाला ते आपण केलं असं वाटतं. एका सेकंदापर्यंत कळतं की थांबलोय पण विचार तुटत नाही, दहाच्या पुढे गेलं की लक्ष दुसरीकडे. १९६८! तेव्हा कॉम्प्युटर खोलीएवढे असायचे आणि हा माणूस बोट आणि डोळा यांच्यातल्या वेळेचा विचार करत होता. आणि आपण आज पेमेंटच्या स्क्रीनवर गोल गोल फिरणारं चक्र पंधरा-वीस सेकंद दाखवतो, खाली बारीक अक्षरात "मागे जाऊ नका", आणि माणसाने घाबरून परत दाबलं, दोनदा पैसे गेले, की म्हणतो घाई कशाला केली.

शून्यांचं तर त्याहून जुनं आहे. विल्यम स्टॅनली जेव्हन्स हा अर्थशास्त्रज्ञ, १८७१ सालची गोष्ट, याने एका पेटीत मूठमूठ बिया टाकून एका नजरेत किती दिसतात ते स्वतःवरच तपासलं, हजाराच्या वर वेळा. तीन-चार बिया असल्या की एकदाही चुकला नाही. पाचपासून चुका सुरू. म्हणजे चारपर्यंत आपण बघतो, मोजत नाही, आणि पाचपासून मोजावं लागतं. १५०० मध्ये आकडे चार, १५००० मध्ये पाच. काकांची चूक बरोबर त्या उंबरठ्यावरची आहे, दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाने बिया टाकून दाखवलेल्या. तिथे नुसता एक स्वल्पविराम असता, १,५०० आणि १५,०००, तर दोघांचा आकारच वेगळा दिसला असता, मोजायची वेळच नाही.

आणि हे आपल्या जुन्या लोकांना माहीत नव्हतं असं नाही बरं का. चेक आठवा. आकड्यात लिहा आणि खाली "अक्षरी रुपये" लिहा, वर एक आडवी रेघ मारा, "फक्त" लिहा. लहानपणी वाटायचं काय हा छळ. तो छळ नव्हता, एकच रक्कम दोन वेगवेगळ्या वाटांनी डोक्यात जावी म्हणून केलेली सोय होती, एक वाट चुकली तर दुसरी पकडेल. काही ॲपमध्ये आता रक्कम अक्षरात येते, मान्य, पण कशी, आकड्याच्या खाली फिक्कट राखाडी रंगात, मुंगीएवढी. म्हणजे यादीतलं एक काम झालं म्हणून टिक मारायला.

इथेच माझा मुख्य मुद्दा आहे. मावशींच्या तराजूवर वजनमापवाल्यांचा शिक्का असतो. ठरावीक मुदतीने तो तपासून घ्यावा लागतो, नाही घेतला तर दंड. दहा रुपयांच्या कोथिंबिरीसाठी सरकारी माणूस येऊन काटा बघून जातो. आणि ज्या स्क्रीनवरून त्याच मंडईत दिवसाला लाखो रुपये इकडून तिकडे जातात ती स्क्रीन माणसाच्या डोळ्याला, बोटाला, कानाला बरोबर लागते का हे बघायला कुणी येत नाही. सर्व्हर तपासतात, एन्क्रिप्शन तपासतात, हॅकर आत शिरतो का तपासतात, सगळं छान. पण अडुसष्ट वर्षांच्या माणसाला भर उन्हात त्या काचेवर १५०० आणि १५००० यातला फरक दिसतो का, हे कोण तपासतं? मला वाटतं जिथे पैसा, तिकीट, औषध, रेशन किंवा ओळखपत्र अडकलंय अशा प्रत्येक स्क्रीनवर तसा शिक्का असायला पाहिजे. तपासणी झाल्याशिवाय बाजारात नाही.

लगेच कुणीतरी म्हणणार की अहो नियम आहेत की. आहेत. भारतीय मानक ब्युरोचं आयएस १७८०२ आहे, अपंग व्यक्तींना वापरता येईल असं सॉफ्टवेअर कसं असावं त्यावर. आंतरराष्ट्रीय वेब मानकात साध्या मजकुराचा आणि मागच्या रंगाचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे दोघांच्या उजळपणातला फरक, किमान ४.५ ला १ हवा असं आहे. मानकं चांगली आहेत पण ती वाचली जातात एसी ऑफिसमध्ये, नव्या फोनवर, ब्राइटनेस फुल ठेवून, पंचवीस-तीस वर्षांच्या डोळ्यांनी. आपल्या भाषेत वाचायच्या चष्म्यालाच चाळीशी म्हणतात. म्हणजे चाळीस झाली की जवळचं धूसर होणार हे भाषेलासुद्धा माहीत आहे, वस्तूला वयाचं नाव देऊन मोकळी झाली. आणि आमच्या टीममध्ये सगळ्यात मोठा माणूस छत्तीसचा.

जरा कबुलीच देते. काही वर्षांपूर्वी मी ज्या कंपनीत होते तिथे एका पैशाच्या ॲपचं मराठी व्हर्जन चाललं होतं. इंग्लिश स्क्रीन आधी बनते, मग मराठी शब्द त्या चौकटीत कोंबले जातात, हे सगळीकडचं. पण इंग्लिश अक्षराला डोक्यावर काही लागत नाही आणि आपल्याला शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, अनुस्वार, रफार, आणि खाली उकार, सगळी वरात. चौकटीची उंची इंग्लिशच्या मापाची, मग वरचं कापलं जातं. एका बटणावर होतं "रोख". मात्रा कापली गेली आणि दिसायला लागलं "राख". मी बग टाकला, म्हणजे चूक नोंदवली, फोटो जोडला, वर लिहिलं की ग्राहकाला आम्ही राख जमा करायला सांगतोय. उत्तर आलं, मजकूर समजतोय, लो प्रायॉरिटी. त्याच यादीत "दोन" चं "दान" झालेलं होतं. मी तेव्हा भांडले नाही. महिनाअखेर होती, रिलीज होतं, हसण्यावारी नेलं. आज वाटतं भांडायला पाहिजे होतं कारण देवनागरी वाचताना डोळा शिरोरेषेच्या वर-खाली जे आहे त्यावर फार अवलंबून असतो, आणि ज्याला आधीच अक्षरं लावून वाचावं लागतं त्याला अंदाजाने "रोख" समजत नाही, त्याला राखच दिसते. बरं, मराठीसाठी नीट बनवलेले फॉन्ट नाहीत असंही नाही, मुंबईच्या एक टाइपवाल्यांनी मुक्त, बलू असे सुंदर फॉन्ट फुकट देऊन ठेवलेत. चौकट वाढवायला काही मिलिमीटर लागतात फक्त.

आता पिनच्या स्क्रीनकडे या, कारण खरी मेख तिथे आहे. हात लांब करा आणि अंगठा वर धरा. त्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतच आपल्याला नीट, धारदार दिसतं, साधारण दोन अंश. बाकी सगळं धूसर असतं, पण डोळे सेकंदाला तीन-चार उड्या मारत राहतात म्हणून आपल्याला वाटतं सगळंच स्वच्छ दिसतंय. फोन आपण एक-सव्वा फुटावर धरतो, तिथे हा धारदार तुकडा पडतो जेमतेम एक-सव्वा सेंटिमीटरचा. पिन टाकताना तो तुकडा कुठे असतो? खाली कीपॅडवर. आणि पैसे कुणाला जातायत ते नाव आणि रक्कम कुठे असते? वर, आठ-दहा सेंटिमीटर लांब, एका पट्टीत. म्हणजे ज्या क्षणी माणूस शेवटचा होकार देतो त्याच क्षणी होकार कशाला देतोय ते त्याच्या नजरेबाहेर असतं. १९९९ मध्ये सायमन्स आणि चाब्रिस यांनी केलेला गोरिलाचा प्रयोग बऱ्याच जणांनी ऐकला असेल, बॉलचे पास मोजायला सांगितले आणि मधून गोरिलाच्या वेषातला माणूस छाती बडवत गेला तर निम्म्या लोकांना तो दिसलाच नाही. सगळे हसतात त्या व्हिडिओला. पिन आठवून दाबत असलेला माणूस म्हणजे पास मोजत असलेला माणूसच की.

२०२५ मध्ये यूपीआयला नियम आला की पैसे पाठवण्याआधी घेणाऱ्याचं बँकेतलं खरं नाव दाखवायचं, आपण फोनमध्ये सेव्ह केलेलं किंवा त्याने स्वतः ठेवलेलं नाही. नियम उत्तम. पण नियमात शब्द आहे दाखवा. दाखवलं म्हणजे दिसलं असं नसतं हो. नाव कीपॅडला चिकटून दाखवा, पाठवायच्या बटणावरच लिहा, "अमुक यांना पंधरा हजार द्या" असं आख्खं वाक्य बटणावर येऊ दे, तर बोट आणि डोळा एकाच जागी येतील. त्याला काही रॉकेट सायन्स लागत नाही.

यावर मला हमखास ऐकायला मिळणारं वाक्य म्हणजे "लोकांना सवय होते". होते, नाही असं नाही. पण कलेक्ट रिक्वेस्टचं काय झालं बघा. कुणीतरी पैसे मागायची रिक्वेस्ट पाठवणार, फोनवर सांगणार की तुम्हाला रिफंड येतोय, पिन टाका, आणि माणूस पिन टाकून स्वतःचे पैसे घालवणार. आपणहून पैसे पाठवताना आणि अशी रिक्वेस्ट मंजूर करताना माणसाला करायची क्रिया एकच, पिन टाकणं, दिसणारी स्क्रीन जवळपास तीच. वर्षानुवर्षं बँकांनी एसएमएस पाठवले, जाहिराती केल्या, "पैसे घ्यायला पिन लागत नाही" हे पोरासोरांना पाठ झालं, तरी फसवणूक चालूच. शेवटी १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसामाणसांतली ती कलेक्टची सोयच काढून टाकली. म्हणजे शेवटी बदलली ती स्क्रीनच. मग एवढी वर्षं लोकांना अडाणी का म्हणत होतो आपण?

हा वाद नवीनही नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेची विमानं उतरल्या उतरल्या वैमानिक चाकं वर ओढून घ्यायचे आणि विमान पोटावर आपटायचं. अहवालात शेरा, वैमानिकाची चूक. अल्फॉन्स शपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिटमध्ये जाऊन बघितलं तर चाकांचा खटका आणि पंखाच्या फ्लॅपचा खटका शेजारी शेजारी, सारखेच. दमलेला हात चुकणारच. उपाय काय केला तर चाकाच्या खटक्यावर रबरी चाकासारखा गोल मुठा बसवला आणि फ्लॅपच्या खटक्यावर पाचरीसारखा. हाताला न बघता कळायला लागलं. पुढे १९४७ मध्ये फिट्स आणि जोन्स यांनी असे ४६० "वैमानिकाच्या चुकांचे" किस्से गोळा केले आणि त्यातल्या बऱ्याचशा यंत्राच्या मांडणीच्या निघाल्या. आजही मोठ्या विमानांच्या नियमात चाकांच्या खटक्याचा मुठा चाकासारखाच हवा असं लिहिलेलं आहे. कुणी म्हटलं नाही की वैमानिकांना सवय होईल, आणि नियमामुळे विमान उद्योग बुडालाही नाही. फक्त तिथे चुकलं तर विमान पडतं, इथे काकांचे पैसे जातात, ते पडल्याचा आवाज होत नाही.

आपल्याकडेही केलेलं आहे, हेच तर माझं म्हणणं आहे. ईव्हीएम घ्या. तिच्यावरची भांडणं सध्या बाजूला ठेवा, मी फक्त समोरच्या पेटीबद्दल बोलतेय. तिच्या बाह्य रचनेचं काम पवईला, आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये झालं, ए. जी. राव आणि रवी पूवैया या प्राध्यापकांनी केलं. एका ओळीत नाव, चिन्ह आणि त्याच ओळीत निळं बटण. दाबलं की त्याच ओळीत लाल दिवा, आणि लांब बीप जो खोलीतल्या सगळ्यांना ऐकू येतो. आंधळ्यांसाठी ब्रेल. व्हीव्हीपॅट आल्यापासून काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते. डोळ्याला, बोटाला, कानाला, तिघांना वेगवेगळा निरोप, एक हुकला तर दुसरा आहे. ज्यांनी आयुष्यात दुसरं कुठलंही यंत्र हाताळलं नाही अशा आज्ज्या शाईचं बोट मिरवत बाहेर येतात. कारण तिथे पहिल्यापासून गृहीत धरलं होतं की समोरच्याला वाचता येत नसेल. मग तीच माणसं रेशनच्या, पेन्शनच्या, बँकेच्या स्क्रीनसमोर आली की अचानक त्यांना वाचता आलंच पाहिजे, इंग्लिश पण आलं पाहिजे आणि ओटीपी तीस सेकंदात टाकता आला पाहिजे, असं कसं?

ज्ञान कमी आहे हे तर मुळीच खरं नाही. आपण रोज फोनवर फोटो पाठवतो ते जेपेग, त्यात रंगाची बरीचशी माहिती सरळ टाकून दिलेली असते कारण माणसाचा डोळा उजेड-अंधाराचे बारकावे पकडतो पण रंगाचे तेवढे पकडत नाही. एमपीथ्री गाण्यात मोठ्या आवाजाखाली दबलेला बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही म्हणून तोही उडवलेला. म्हणजे जागा वाचवायची होती तेव्हा आमच्या धंद्याने डोळ्या-कानाचा अगदी सूक्ष्म अभ्यास केला. नोटिफिकेशनचा ठिपका लालच का असतो, आणि एक रील सरकवली की लगेच दुसरी का सुरू होते, तिथेही अभ्यास पुरेपूर. फक्त चाळीशी लावलेल्या माणसाला रक्कम दिसावी इथे आलं की सगळ्यांना एकदम बजेट आठवतं.

कायद्याने अर्धं पाऊल टाकलंय. ३० नोव्हेंबर २०२३ ला ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्नवर बंदीची मार्गदर्शक तत्त्वं काढली, तेरा प्रकार दिलेत, कार्टमध्ये गुपचूप वस्तू टाकणं, खोटी घाई दाखवणं वगैरे. म्हणजे डोळ्याला फसवता येतं हे सरकारने लेखी मान्य केलं. पण ते मुद्दाम फसवण्याबद्दल. आळसाने, निष्काळजीपणे बनवलेल्या स्क्रीनमुळे माणूस फसला तर? तिथे "बघून टाकायचं ना". दुकानदाराचा काटा मुद्दाम हलवलेला असो की गंजून बिघडलेला असो, वजनमापवाला दोन्हीला पकडतो, तिथे हेतू विचारत नाहीत.

सुप्रीम कोर्टाने मात्र ३० एप्रिल २०२५ ला एक फार मोठी गोष्ट केली. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या महिला आणि दृष्टिहीन व्यक्ती कोर्टात गेल्या होत्या कारण बँकेचं खातं, सिमकार्ड यासाठीचं डिजिटल केवायसी त्यांना म्हणत होतं डोळे मिचकावा. ज्यांच्या पापण्याच जळाल्यात त्यांनी काय मिचकावायचं? ज्यांना स्क्रीन दिसत नाही त्यांनी चेहरा त्या गोलात कसा आणायचा? कोर्टाने सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि वीस निर्देश दिले. माणूस जिवंत आहे का हे तपासायला पापणी मिचकावणं हाच पुरावा धरणाऱ्या त्या टीममध्ये कुणी वाईट माणूस होता असं मला वाटत नाही. मी अशा टीममध्ये बसलेय. सगळ्यांनी स्वतःवर टेस्ट केलं, सगळ्यांच्या पापण्या हलल्या, पास.

म्हणून म्हणते, तपासणी बाहेरच्याने करावी आणि खऱ्या जागी करावी. प्रयोगशाळाच पाहिजे असंही नाही. सात-आठ हजारांचा चार वर्षं जुना फोन घ्या, साठीच्या पुढची वीस माणसं घ्या, त्यातल्या काहींना मोतीबिंदू असेल, काहींना लाल-हिरवा कळत नसेल, बोटं शेतात काम करून जाड झालेली असतील, आणि त्यांना एसटी स्टँडवर उभं करून दुपारी दोन वाजता पैसे पाठवायला सांगा. किती जणांनी चुकीची रक्कम टाकली, किती जणांना नाव सांगता आलं, किती जणांनी दोनदा दाबलं. फक्त रंगावरून "झालं" आणि "फसलं" सांगितलं असेल तर नापास. अक्षर मोठं केल्यावर बटण स्क्रीनच्या बाहेर गेलं तर नापास, आणि हे फार होतं, सेटिंगमध्ये फॉन्ट मोठा करा म्हणून सल्ला देणाऱ्यांनी एकदा स्वतः करून बघावं मग पुढे जायचं बटण कुठे शोधायचं ते.

खर्चाचं म्हणाल तर खर्च येईल. रिलीज लांबतील. माझ्याच धंद्यातले लोक मला शिव्या घालतील, घालू देत. आणि एक आक्षेप मला खरंच विचार करायला लावतो, की साउंडबॉक्स कुठल्या नियमाने आला नाही, बाजारानेच आणला, मग बाजारावर सोडा ना. बरोबर आहे. पण तो आला कारण दुकानदार त्याचं महिन्याचं भाडं देतो. काकांच्या स्वल्पविरामाचं भाडं कोण देणार? जिथे वापरणारा वेगळा पैसा देत नाही आणि दुसरीकडे जाऊही शकत नाही, पेन्शन त्याच बँकेत येते, रेशन त्याच मशीनवर मिळतं, तिथे बाजार काय करणार. कोथिंबिरीच्या काट्यावरचा शिक्कासुद्धा बाजाराने आणला नव्हता.

काका आता परत पाठवायला लागलेत पैसे, पण त्यांची पद्धत बदललीय. रक्कम टाकली की चष्मा कपाळावर घेतात, फोन नाकाजवळ आणतात आणि एकं, दहं, शतं करत मोजतात. डेपोत वेबिलावर बोट ठेवून मोजायची सवय, त्यामुळे बोट आपोआप आकड्यांवर जातं, आणि काचेवर बोट लागलं की कर्सर मध्येच जाऊन बसतो, नाहीतर कॉपी-पेस्टचा काळा पट्टा उघडतो आणि आकडेच झाकतो. मग सगळं पुसून पहिल्यापासून. परवा बघितलं तर त्यांनी बोट काचेपासून पेराएवढं वर, हवेत धरलेलं होतं आणि तिथेच एकेक शून्य टोचत मोजत होते.